एकोणनव्वद ते ब्याण्णव

माझ्या भावाच्या पुस्तकाला दोनशे चोवीस पानं आहेत. हे मला पक्कं माहीत आहे, कारण पानं मोजणं हे माझं काम आहे.

पोटापाण्याचं काम वेगळं. आठवड्यातले सहा दिवस मी इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालते. यंत्रातून निघते तेव्हा चादर चटका बसेल इतकी तापलेली असते. चार कोपरे, दोन झटके, एक घडी, दुसरी, तिसरी. फाटलेली चादर बोटांना कळते. नीट न निघालेला डागही कळतो, तिथं कापड कडक लागतं. सत्तावीस वर्षं हेच चाललंय. गुरुवारी सुट्टी असते, आणि त्या दिवशी मी वाचन केंद्रात जाऊन फुकट राबते.

केंद्र म्हणजे बँकेच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. दोन स्कॅनर, चार संगणक, फिरताना टकटक करणारा एक पंखा. छापील पुस्तक इथं स्कॅन होतं, त्याची फाइल होते आणि ती एका वाचनाच्या अ‍ॅपमधून कुठल्याही आंधळ्या माणसाला ऐकता येते. अ‍ॅप फुकट आहे. ज्याला थोडं दिसतं त्याला ते एकेक अक्षर बोटाएवढं करून देतं, काळ्यावर पिवळं करून देतं. ज्याला काहीच दिसत नाही त्याला वाचून दाखवतं. पैसे मागत नाही, जाहिराती लावत नाही, आणि 'नजर कधी गेली हो तुमची' असं विचारून उसासेही टाकत नाही.

त्यातला आवाज बाईचा आहे. केंद्रात आम्ही तिला सरळबाई म्हणतो. शिवी आली तर शिवी वाचते, मयत आली तर मयत, सगळं एका सुरात. लाजत नाही, रडत नाही, गाळत नाही. मी तिला तिप्पट वेगानं ऐकते. डोळस माणसाला तो नुसता चिवचिवाट वाटतो.

मला ती का आवडते ते सांगते. डोळस माणूस वाचून दाखवतो म्हणजे चाळून दाखवतो. माझी वहिनी मला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. पानं सळसळायची, मग म्हणायची, "आज काही विशेष नाही हो वन्सं." लग्न होऊन ती या घरात आली त्याला तीस वर्षं झाली. तीस वर्षं जगात काही विशेष घडलं नाही.

आता मोजण्याचं. छापील पानाच्या तळाशी आकडा असतो. डोळसांची नजर त्याच्यावरून घसरते, आकडा आहे हेच त्यांना कळत नाही. सरळबाईला असला विवेक नाही. ती वाक्याच्या मधोमध आकडा ठोकून देते. 'तिच्या डोळ्यांत पाणी एकोणचाळीस आलं.' नवा माणूस वैतागतो. पण आम्ही आकडे काढत नाही, कारण आमची तपासणी त्यांच्यावरच चालते. स्कॅन करताना पानं चिकटतात, दोन एकदम उलटली जातात. म्हणून संग्रहात घालायच्या आधी प्रत्येक फाइल एका आंधळ्या माणसानं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, आकडे मोजायचे आणि अर्जावर सांगायचं, पुस्तक पूर्ण आहे की अपूर्ण. खाली 'तपासणाऱ्याची नोंद' अशी थोडी जागा असते. अमुक पानावर चित्र आहे, तमुक पानाचा कोपरा फाटलाय, एवढंच तिच्यात जातं. पुस्तक उघडलं की आधी नोंद वाजते. मी मोजायला इस्पितळाच्या झग्यांची तुटकी बटणं वापरते. दहा पानं झाली की एक बटण या डबीतून त्या डबीत.

घरच्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, हिचा तेवढाच वेळ जातो.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तरुणपणी औषधांच्या दुकानात नोकर होता, आज त्याची स्वतःची दोन दुकानं आहेत. आईवडील लवकर गेले, त्यानं मला सांभाळलं, आणि हे सगळ्या गावाला माहीत आहे, कारण तो भाषणं चांगली करतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं आत्मचरित्र लिहिलं. प्रकाशनाला मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. कार्यक्रम संपल्यावर लोक रांगेनं माझ्याकडे आले. एका बाईनं माझे दोन्ही हात धरले आणि रडली. "तुमच्याएवढं मन कुणाचं नसेल." मी म्हटलं, असेल बुवा. आंधळीला बघून लोक रडतातच. मला वाटलं, सभागृहात गर्दी जास्त म्हणून रडणंही जास्त.

मी पुस्तक मागितलं. "केंद्रात देते, स्कॅन करतील," म्हटलं. दादा म्हणाला, "छोटे, तुझ्या भावाचं पुस्तक तुला मशीन वाचून दाखवणार? मी आहे ना." आणि खरंच अकरा संध्याकाळी त्यानं मला ते वाचून दाखवलं. आवाज छान आहे त्याचा. मी तृप्त झाले होते, खोटं कशाला बोलू.

मग या वर्षी केंद्राच्या मास्तरांनीच त्याला पत्र घातलं. मास्तर जन्मापासून आंधळे. केंद्र त्यांनी उभं केलं. गावातल्या माणसाचं गाजलेलं पुस्तक संग्रहात हवं, लेखकाची परवानगी हवी. दादाला नकार देता आला नसता. आंधळ्या बहिणीचा भाऊ आंधळ्यांना पुस्तक देत नाही, हे कसं दिसलं असतं? तो म्हणाला, "तुम्ही त्रास घेऊ नका, फाइल आमची चिमीच करून देईल." चिमी म्हणजे त्याची मुलगी. माझ्या फोनवर ते अ‍ॅप तिनंच घालून दिलं होतं. फाइल आली.

"घरचं पुस्तक आहे," मास्तर म्हणाले, "तुम्हीच ऐका, बाई."

मी बसले. आठ बटणं सरकवली. शहाऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. तिथं प्रकरण संपलं. पुढचं प्रकरण सुरू झालं, दादानं पहिलं दुकान घेतलं ते, आणि अर्ध्या मिनिटात सरळबाई म्हणाली, त्र्याण्णव.

मी मागे गेले. अठ्ठ्याऐंशी. त्र्याण्णव. पुन्हा मागे.

"मास्तर, चार पानं नाहीत."

"चिकटली असतील."

"दोन कागद चिकटले आणि बरोबर प्रकरण संपल्यावर चिकटले? वाक्य तुटलेलं नाही. आणि अनुक्रमणिकाही नाही."

मास्तरांनी खुर्ची मागे सारली. "डोळसांचं काम. आपण दळायचं आणि पीठ कुत्र्यानं खायचं. लिहा अपूर्ण. घरीच विचारा, तुमच्या तर घरातच लेखक आहे."

संध्याकाळी मी चिमीला विचारलं. ती आरशासमोर होती, कंगव्याचा आवाज येत होता.

"चार पानं राहिली तुझ्याकडून. एकोणनव्वद ते ब्याण्णव."

कंगवा थांबला. "तुला कसं कळलं, आत्या?"

हे उत्तर नव्हतं. चूक झालेलं माणूस म्हणतं, 'अय्या, हो का?' कसं कळलं असं चोर विचारतो. मी तिला तीन महिन्यांची असल्यापासून खेळवलंय. तिचा श्वास मला कळतो.

"आकडे असतात पानांना," मी म्हटलं.

"स्कॅनरनं खाल्ली असतील."

"मग पुन्हा घाल."

"बाबांना विचारते," ती म्हणाली आणि बाहेर गेली. नंतर स्वयंपाकघरात तिघांची कुजबुज झाली, नळ सोडून. आमच्या घरात मला ऐकू जाऊ नये असं काही असलं की नळ सोडतात. पाणी फुकट जातं.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "ती पानं औषधांच्या नावांची आहेत गं. तक्ते आहेत. कानाला कंटाळा येईल."

मी बरं म्हटलं. तो दुकानात गेला, वहिनी आंघोळीला गेली, आणि मी त्याचं लोखंडी कपाट उघडलं. तिथं त्याच्या पुस्तकाच्या पन्नास-साठ प्रती असतात, पाहुण्यांना सही करून द्यायला. तळातली एक काढली आणि चादरीत गुंडाळून पिशवीत टाकली. चौपन्न वर्षांच्या बाईला आपल्याच भावाचं पुस्तक आपल्याच घरातून चोरावं लागलं.

गुरुवारपर्यंत ती पिशवी माझ्या पलंगाखाली होती. त्या सहा दिवसांत पुस्तक मी कितीदा हातात घेतलं असेल. अंगठ्याखाली पानं फर्रकन जायची. त्यातले दोन कागद माझ्यापासून लपवलेले, आणि कुठले दोन ते कळायला मार्ग नाही. कागद सगळे सारखेच गुळगुळीत.

गुरुवारी केंद्रात डोळस कुणी नव्हतं. संगणकावर बसणारी मुलगी रजेवर होती. मास्तर आणि मी, दोघं आंधळे, एका पुस्तकात एक पान शोधत बसलो. अंदाजानं उघडायचं, काचेवर पालथं घालायचं, दाबायचं, सरळबाई आकडा सांगेल तो ऐकायचा. एकशे दोन. मागे. सत्तर. पुढे. मास्तर म्हणाले, "आपल्यापेक्षा वाळवी लवकर पोचली असती." मी हसलेसुद्धा. मग एकोणनव्वद आलं. चारही पानं काचेवरून गेली.

"मी बाहेर बसतो," मास्तर म्हणाले.

"बसा इथंच. तुम्हाला कशाला लपवू? गावानं वाचलंय ते."

मी हेडफोन काढून टाकला. सरळबाई मोठ्यानं वाचू लागली.

प्रकरणाचं नाव होतं 'माझा अपराध'.

मी एकोणीस वर्षांची होते. डोळे लाल व्हायचे, खाजायचे. दादानं दुकानातून थेंब आणले. एका दिवसात लाली गेली, म्हणून आणखी आणले. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, काही नाही. दीड वर्ष घातले. ते थेंब मला आठवतात. गार वाटायचं. दादा माझं डोकं मांडीवर घेऊन घालायचा, आणि मी म्हणायचे, दादा, जादू आहे तुझ्या हातात. मग मी दाराच्या चौकटींना धडकायला लागले. बाजूचं दिसेना. सगळे म्हणायचे, धांदरट. मग एकदा ताप आला, आणि मला सांगण्यात आलं, ताप डोळ्यांत उतरला. चौतीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले. ताप डोळ्यांत उतरला.

पुस्तकात लिहिलं होतं, त्या थेंबांनी डोळ्यांतला दाब वाढला आणि आतली नस वाळत गेली. लिहिलं होतं, डॉक्टरांनी विचारलं, 'डोळ्यांत काय घालत होता?' आणि दादा म्हणाला, 'गुलाबपाणी.'

तेव्हा मी त्याच्या शेजारी बसले होते. मी ते ऐकलं होतं. मला वाटलं, बिलाशिवाय आणलेत म्हणून खोटं बोलतोय, नोकरी जाईल बिचाऱ्याची. म्हणून मीही गप्प बसले. भावाची नोकरी वाचवली.

पुढचं पान. चार महिन्यांनी दुकानात आलेल्या एका डॉक्टरांकडून दादाला कळलं की असले थेंब वेळीच सांगितले तर उरलेली नजर वाचवता येते. तेव्हा मला अजून थोडं दिसत होतं. समोर ताटाएवढं वर्तुळ होतं. 'मी भेकड होतो,' त्यानं लिहिलं होतं. 'रोज ठरवायचो की आज सांगेन. आणि रोज तिचं वर्तुळ लहान होत गेलं.' वाक्य छान आहे. पुस्तकात अशी वाक्यं ठिकठिकाणी आहेत.

मी बंद केलं नाही. सरळबाई थांबली नाही, तिला काय माहीत. ब्याण्णववर ती आली.

'एके दिवशी मावळतीला गच्चीवर मी तिला सारं सांगितलं. तिनं चाचपडत माझा चेहरा शोधला, माझे अश्रू पुसले आणि म्हणाली, दादा, तुझा काय दोष? तू बाहेरचे डोळे घेतलेस, पण आतले डोळे दिलेस. त्या क्षणी मी मुक्त झालो.'

पंखा टकटक करत होता.

मास्तर म्हणाले, "असं म्हणालात तुम्ही?"

"आमच्या घराला तेव्हा गच्चीच नव्हती," मी म्हटलं. "पत्रा होता."

आणि मग मला ती हात धरून रडणारी बाई कळली. दोन वर्षं गावात लोक माझ्याशी इतकं मऊ का बोलतात ते कळलं. सगळ्यांना ठाऊक होतं. धुलाईतल्या मुकादमाला, कोपऱ्यावरच्या शिंप्याला, बँकेच्या पहारेकऱ्याला. माझे डोळे कुणी घालवले हे ज्याला डोळे आहेत त्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि मी माफ केलं हेही माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं. दादानं डोळसांपुढे कबुली दिली, डोळसांनी त्याला माफ केलं, टाळ्या वाजवल्या, शाल घातली. ज्या एका बाईची माफी मागायची ती शेजारच्या खोलीत बसून बटणं मोजत होती.

त्या संध्याकाळी मी त्याच्यापुढे उभी राहिले. तो सोफ्यावर होता, टीव्ही चालू होता. पुस्तक मी त्याच्या मांडीवर ठेवलं.

"तक्ते ऐकले मी," म्हटलं. "कंटाळा नाही आला."

टीव्ही बंद झाला.

"बस जरा, छोटे."

"उभी आहे तेच बरं."

"तुला त्रास होऊ नये म्हणून गं. एवढंच होतं मनात."

"गावभर विकलंस तेव्हा त्रास कुणाला व्हायचा होता?"

वहिनी आतून आली. "वन्सं, आवाज खाली. शेजारी ऐकतील."

"शेजाऱ्यांनी वाचलंय, वहिनी. दोन वर्षं झाली. तुम्हीही वाचलंत. आणि मला रोज काय सांगत राहिलात? काही विशेष नाही?"

ती नळ सोडायलाही गेली नाही.

"गच्ची कुठली, दादा?"

"काय?"

"पत्र्याच्या घराला गच्ची कुठून आणलीस?"

"ते... लिहिताना येतं ओघात."

"आणि माफी? तीही ओघातच आली?"

तो उठला, पुन्हा बसला. सोफ्याची स्प्रिंग दोनदा कुरकुरली. "प्रकाशक म्हणाले, प्रकरण अधांतरी राहतं. बहीण काय म्हणाली ते वाचकाला हवं असतं. मी म्हटलं... मला माहीतच होतं तू काय म्हणशील. तू कधी काही बोलत नाहीस मला. मनानं तू..."

"मी बाजूच्या खोलीत होते. दार उघडं असतं माझं. विचारायचं."

"काय म्हणाली असतीस?"

"ते विचारल्यावर कळलं असतं."

तो रडायला लागला. दादाचं रडणं मला ओळखू येतं. आई गेली तेव्हा तो असाच रडला होता, नाकातून, लहान मुलासारखं. आणि रडता रडता तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मग आता म्हण ना, छोटे. एकदा म्हण. तू म्हटलंस की सगळं खरं होईल. पुस्तकसुद्धा खरं होईल."

बघा, तो राक्षस असता तर सोपं होतं. आंधळी झाल्यावर दोन वर्षं त्यानं मला हाताला धरून सगळीकडे नेलं. धुलाईतली नोकरी त्यानं दहा उंबरे झिजवून मिळवली. माझ्या तापात उशाशी बसला. हे सगळं त्यानं केलं, आणि ते सगळं त्या थेंबांच्या पोटीच केलं का, हे मला आता कधी कळणार नाही. त्यानं छापायच्या आधी येऊन विचारलं असतं तर मी कदाचित म्हटलंही असतं, जाऊ दे रे. कदाचित तोंडावर थुंकले असते. मलाच माहीत नाही. ते माहीत करून घेण्याची माझी पाळी होती, आणि ती त्यानं माझ्या वतीनं उरकून टाकली. डोळे चुकून गेले. ही चूक नव्हती, त्यानं टेबलाशी बसून शुद्ध अक्षरात लिहिलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"छोटे..."

"पुढच्या आवृत्तीत तेवढं काढ. बाकीचं राहू दे. माझं वाक्य काढ."

"काढलं तर उरतं काय?" त्यानं विचारलं. अगदी खरेपणानं विचारलं. "मी उरतो नुसता."

"हो," मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी मी अर्ज भरायला बसले. चार पानं फाइलमध्ये जागच्या जागी गेली होती. पुस्तक पूर्ण होतं. दोनशे चोवीस. मी मास्तरांना म्हटलं, नोंद लिहून घ्या.

"सांगा."

"पान ब्याण्णव. या पानावर सांगितलेला प्रसंग घडलेला नाही. तपासणारी स्वतः त्या प्रसंगात आहे."

मास्तरांची बोटं टायपिंगच्या कळांवर थांबली. "नोंद पानाबद्दल असते, बाई. खऱ्याखोट्याबद्दल नसते. उद्या प्रत्येक जण लेखकाशी भांडायला येईल इथं."

"चित्र असलं की चित्रात काय आहे ते आपण सांगतो ना?"

"सांगतो."

"हेही चित्रच आहे. डोळसांनी काढलेलं. ऐकणाऱ्याला नको का कळायला?"

खाली बँकेचं शटर वर जाण्याचा आवाज आला. "लेखकाला दाखवल्याशिवाय नोंद चढत नाही," ते म्हणाले. "नियम आहे."

"दाखवा."

त्यांनी लिहिलं. अक्षर न अक्षर सरळबाईकडून वाचून घेतलं. तिनं तेही त्याच सुरात वाचलं.

सहाव्या दिवशी दादाचं पत्र केंद्रात आलं, दुकानाच्या छापील कागदावर. काही अपरिहार्य कारणांमुळे पुस्तक आपल्या संग्रहात देण्याची परवानगी मागे घेत आहे, कळावे. परवानगी नसेल तर फाइल ठेवता येत नाही. मास्तरांनी माझ्यासमोर ती काढून टाकली. सरळबाईनं विचारलं, पुस्तक कायमचं काढायचं का? मास्तर म्हणाले, "बाई, मी काही करू शकलो नाही." मी म्हटलं, तुम्ही नियमानं वागलात. मला तेव्हा त्यांचाही राग आला होता, पण ते खरं होतं.

म्हणजे पुस्तक पुन्हा फक्त डोळसांचं झालं. आंधळ्याला ते मिळत नाही, डोळसाला कुठल्याही दुकानात मिळतं. दुसरी आवृत्ती महिन्याभरात आली. चिमीनं माझ्या खोलीत येऊन, दार लावून, ब्याण्णववं पान मला वाचून दाखवलं. मी सांगितलं नव्हतं. स्वतःहून आली. गच्ची तशीच होती. मावळतीही होती. वाचताना तिचा आवाज कापत होता, पण तिनं एक शब्द गाळला नाही. "सॉरी, आत्या," म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला मी माफ केलं. तिनं माफी मागितली होती.

घर सोडून जायचं मनात आलं. धुलाईतली एक बाई म्हणाली, माझ्या खोलीत ये, दोघी राहू. मी तिच्याकडे जाऊन आले. पायऱ्या मोजल्या, संडास कुठं ते बघितलं. मग गेले नाही. का ते धड सांगता येत नाही. या घराच्या भिंती मला चौतीस वर्षांत पाठ झाल्यात, हे एक. आणि दुसरं, मी गेले असते तर गाव म्हणालं असतं, बहीण बिचारी भ्रमिष्ट झाली, भावानं किती केलं. इथं राहिले तर निदान एका माणसाला रोज माहीत असतं, खरं काय ते.

दादा आता रोज संध्याकाळी दुकान बंद करून आला की माझ्या दाराशी उभा राहतो. आत येत नाही. त्याच्या चपला थांबतात, मला कळतं. तिसरी आवृत्तीही निघून गेली, आता त्याला माझ्या शब्दाची छापायला गरज उरलेली नाही. तरी उभा राहतो. बोलताना त्याला आता दम लागतो.

"छोटे," तो म्हणतो.

"नाही," मी म्हणते.

"बरं."

मग वहिनी हाक मारते, पानं वाढली म्हणून, आणि आम्ही जेवायला बसतो. माझ्या ताटात काय कुठं वाढलंय ते अजून तोच सांगतो.